राखणीच्या पाण्याचं पत्र

माझ्या आत्याचं नाव वसुमती. घरात सगळेच तिला वसुअक्का म्हणत, म्हणून मीही तेच म्हणत आले. तिने आयुष्यात एकच सरकारी नोकरी केली आणि ती सात वर्षंही टिकली नाही. ती कशी लागली हे सगळे हौसेने सांगत. कशी गेली, हे माझे वडील असेपर्यंत आमच्या घरात कोणी उघडपणे बोलत नसे. आता बोलायला हरकत नाही.

आम्ही बेंगळूरचेच. शहाजीराजांच्या फौजेमागून कारकुनी करत जे लोक इकडे आले त्यांतले आपण, असं आजोबा सांगत. घरात मराठी बोलत असू, पण पुण्याचा पाहुणा आला की त्याला निम्मी कळत नसे. आजोबांचा व्यवसाय जुने कागद वाचून देण्याचा. वाटण्या, इनामं, मठांच्या सनदा, सगळं मोडीत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा वसुअक्का पंधरा वर्षांची होती. ती वाचून दाखवायला बसू लागली आणि विशीत यायच्या आत तिला कोणाचंही, कितीही गिचमिड हस्ताक्षर लागायचं. तिचं लग्न एकदा ठरलं होतं, ते मोडलं. त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला त्याचं फार वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

छप्पन्न साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि कारवारचा किनारा मुंबईकडून म्हैसूर राज्यात आला. माणसं जागच्या जागी राहिली, कागद मात्र बेंगळूरला आले. पेट्याच्या पेट्या. निम्मे मराठीत, त्यातले जुने मोडीत. ते इथे कोणाला वाचता येणार? पुढच्या वर्षी एका छोट्या सरकारी शाखेने भाषांतरकाराची जागा काढली. मराठी, मोडी, कन्नड आणि इंग्रजी, चारही यायला हवं. अर्ज फक्त तीन आले. एकोणतिसाव्या वर्षी वसुअक्का साडीला पिन लावून, हातात डबा घेऊन कामावर जायला लागली.

आम्ही तेव्हा जयनगरात नवीन घर बांधून राहायला आलो होतो. अवतीभोवती निम्मे प्लॉट रिकामे, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. ती सकाळी मार्केटपर्यंत बसने जाई आणि तिथून चालत कब्बन पार्कच्या कडेला असलेल्या त्या बंगल्यात. किनारा शाखा म्हणत तिला. पाच टेबलं, एक मोठा नकाशा, आणि राज्याला नव्याने मिळालेल्या सगळ्या समुद्राचा कारभार. गंमत अशी की तिथल्या शिपायाखेरीज समुद्र पाहिलेली माणसं दोनच होती. वसुअक्का त्यांत नव्हती.

त्या दोघांतले एक शेषगिरीराव. शाखेत दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, चाळिशीचे, आमच्या दूरच्या नात्यातले. ऑफिसात सर, बाहेर अण्णा. ते परदेशात सहा महिने शिकून आले होते. मासे जिथे अंडी घालतात ते पाणी काही महिने सोडून द्यायचं, म्हणजे बाकीचा समुद्र भरतो, हे त्यांनी तिकडे पाहिलं होतं. आपल्याकडेही असं राखीव पाणी करायचं हा त्यांचा ध्यास होता.

"जमिनीला कुंपण घालता येतं, वसू," ते म्हणायचे. "पाण्याला काय घालणार? तिथे राखणारी माणसंच लागतात."

असं पाणी आणि अशी माणसं त्यांना वसुअक्कानेच शोधून दिली. एका पेटीत अठराशे एक्क्याऐंशी सालचा एक करार होता. वेळकोण नावाच्या खाडीकाठच्या गावातल्या तीन वाड्यांनी आपापसात केलेला. खाडीच्या तोंडापासून पुढच्या खडकांपर्यंतच्या पाण्याला त्यांनी राखणीचं पाणी म्हटलं होतं. कार्तिक आणि मार्गशीर्ष हे दोन महिने तिथे जाळं टाकायचं नाही, फक्त गरीने, म्हणजे गळाने, धरायचं. मोडेल त्याची होडी पंधरा दिवस वाळूवर.

तिने हा कागद मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा शेषगिरीराव खुर्चीवरून उठले.

"परत वाच."

तिने परत वाचला.

"हे अजून पाळतात का, विचार. आजच पत्र लिही."

उत्तर आलं ते विठोजी तांडेलाचं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. विठोजी गावपंचांतला एक, साठीच्या जवळपासचा, चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे चढत जाणारी. त्याने लिहिलं होतं, 'साहेबांस दंडवत. आमचे पाणी आम्ही राखतोच. मग सरकार काय राखणार?'

शेषगिरीराव हे वाचून खूप हसले आणि मग गंभीर झाले. त्यांचं म्हणणं असं की आज गावाचा नियम गावापुरता आहे. उद्या बाहेरची मोठी होडी आली तर तिला कोण अडवणार? कायद्याचा शिक्का हवा. कारभार गावपंचांनी करायचा, सरकारने पाठीशी उभं राहायचं. हे सगळं मराठीत समजावून सांगायचं काम वसुअक्काकडे आलं. दहा महिन्यांत दोन्हीकडून मिळून तीसेक पत्रं गेली-आली असतील. सरकारी पत्रं टाइप करायची रीत होती, पण मराठीचा टाइपरायटर ऑफिसात नव्हता. मागवता आला असता. "नको," शेषगिरीराव म्हणाले, "हातचं पत्र आपलं वाटतं." तेव्हा ती हाताने लिहायची, शेवटी स्वतःच्या नावाने खुशालीच्या दोन ओळी घालायची आणि खाली ते सही करायचे.

गाडी एका जागी अडली. सरकारला नकाशा हवा होता. कुठल्या खडकापासून कुठवर, किती खोल, कोणता मासा कुठे येतो. विठोजीने लिहिलं, 'नकाशावर लिहून दिले म्हणजे नकाशा वाचणाऱ्या प्रत्येकास समजेल. आज आमच्या तोंडात आहे म्हणून राखलेले आहे. उद्या तुमच्या जागी दुसरा साहेब आला, तर?'

हे पत्र तिने शेषगिरीरावांना वाचून दाखवलं तो दिवस तिने मला पुढे कितीदा तरी सांगितला. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता. मग टेबलाशी येऊन पेन्सिलीने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने मराठी केलं आणि वाचून दाखवलं. 'गावपंचांच्या लेखी संमतीवाचून या पाण्यात कोणासही मासेमारीचा परवाना दिला जाणार नाही.'

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "असंच जाऊ दे."

"अण्णा, कायद्यातही हेच शब्द येणार ना?"

"आणखी कुठले येणार?"

पत्र गेलं. तीन आठवड्यांनी वेळकोणहून गुंडाळी आली. शाळेचे चार चित्रकागद भाताच्या खळीने जोडलेले, त्यावर खडक, वाळूचे बांध, प्रवाह. खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या हातांच्या मापाने, मोजलेली. एकूण बत्तीस नावं. म्हातारीची पाठ, दोन भाऊ, उपाशी दगड. कुठे शेवटे मासे कधी येतात, कोळंबी कुठल्या चिखलात बसते, सगळं बारीक अक्षरात. कडेला एकोणीस सह्या आणि अंगठे. वसुअक्काने दोन महिने खपून त्याची इंग्रजी प्रत केली. रात्री जेवताना ती मला ती नावं म्हणून दाखवायची. मी चौदा वर्षांची होते. मला वाटायचं, ही तिथेच वाढली आहे.

एकोणसाठ साली राजपत्रात नियम छापून आले. इंग्रजीत. भाषांतराला तिच्याकडे आले नाहीत. "गावाला पत्र गेलंच आहे, आता वेगळं कशाला?" असं शेषगिरीराव म्हणाले, आणि तिला ते पटलं. वेळकोणच्या वाळूत सरकारी पाटी उभी राहिली. पुढची तीन वर्षं विठोजीची पत्रं आनंदाची होती. शेवटे खाडीत पुन्हा थव्याने येतात. बायकांना ओहोटीला तिसऱ्यांचे शिंपले भरपूर मिळतात. शेजारच्या दोन गावांनी विचारलं, आम्हालाही असं करता येईल का? शेषगिरीरावांना बढती मिळाली. शाखेचे प्रमुख झाले ते. त्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "यातले निम्मे तुमच्या बहिणीचे."

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात, भर कार्तिकात, विठोजी स्वतः बेंगळूरला आला. बरोबर भागुबाई होती, गावच्या मासे विकणाऱ्या बायकांची पुढारी, ठेंगणी, कपाळावर गोंदलेली. घाटातून बसने हुबळीला, तिथून आगगाडीने. दोन दिवसांचा प्रवास करून ती दोघं सरळ ऑफिसात आली आणि शिपायाला म्हणाली, "वसुमतीबाई कोण?"

ती पुढे झाली. विठोजीने तिला नीट न्याहाळलं.

"आमी समजलो, मोठी म्हातारी बाय असतली," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "बाय, तीन यंत्राच्या नावा आल्यात. तळापासून ओढून नेणारं जाळं. राखणीच्या पाण्यात, दोन भावांच्या मधोमध. आमी अडवलं तर परवाना काढून दाखवला. आणि त्यांच्याकडे नकाशा आहे. आमचीच नावं. इंग्लिशीत."

इंग्रजीत ती नावं कोणी लिहिली होती हे तिला माहीत होतं. तरी तिला वाटलं, कुठेतरी गफलत झाली असेल, अण्णा आत्ता फोन करून नावा थांबवतील. ती दोघांना घेऊन आत गेली.

शेषगिरीरावांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली, प्रवासाची चौकशी केली. मग फाइल उघडून राजपत्रातला नियम वाचला आणि त्याचा अर्थ स्वतःच मराठीत सांगितला. शक्य असेल तिथे गावपंचांशी विचारविनिमय करून सरकार परवाना देऊ शकेल.

"विचारविनिमय म्हणजे?" भागुबाईने विचारलं.

"म्हणजे तुम्हाला विचारायचं."

"कोणी विचारलं नाय."

"शक्य असेल तिथे, असं आहे ते."

विठोजीने मेणकापडातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्या ओळीवर बोट ठेवून त्याने ती अख्खी वाचली. एकेक शब्द सुटा. शेषगिरीरावांनी पत्र हातात घेतलं, सही पाहिली, आणि वसुअक्काकडे न बघता म्हणाले,

"हे भाषांतर आहे. मूळ इंग्रजीत असं नव्हतं. भाषांतर करणाऱ्यांनी जरा जास्त लिहिलंय."

वसुअक्का सांगायची, तिला पहिल्यांदा कळलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे. विठोजी आणि भागुबाई दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं तेव्हा कळलं. ती म्हणाली, "मूळ कागद फाइलीत आहे. मी आणते." आणि दप्तरखान्यात गेली.

फाइल सापडली. जुनी पानं पिवळी पडलेली, टाचणीच्या भोकांभोवती गंजाचे लाल डाग. मूळ कागदाच्या जागचं एक्केचाळिसावं पान मात्र पांढरं स्वच्छ होतं. टाइप केलेलं. शक्य असेल तिथे विचारविनिमय करून. त्याच्या भोकाला गंज नव्हता. पेन्सिलीने लिहिलेला कागद कुठेच नव्हता.

ती परत आली तोवर ती दोघं निघून गेली होती. शिपाई म्हणाला, त्यांनी कॉफी घेतली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी शेषगिरीराव आमच्या घरी आले. वडील झोपले होते. मी अठराची होते, स्वयंपाकघरात कॉफी करत होते, आणि दार उघडंच होतं.

"वसू, एक मेमो येईल तुला," ते म्हणाले. "भाषांतरात चूक झाली असं लिहून दे. ताकीद मिळेल, बास. स्वल्प दिवसांत सगळे विसरतील."

"चूक झाली नव्हती."

"मला माहीत आहे."

"मग?"

"वरून आलंय गं. कोळंबी परदेशी जायला लागली आहे, सगळ्यांना ती हवी आहे. त्या नावा कागदावर सहकारी संस्थेच्या आहेत. मागे कोण आहे ते तुला सांगत नाही. मी आडवा गेलो तर मला हलवतील आणि राखीव पाण्याची कल्पनाच बंद करतील. आणखी दोन खाड्यांचं काम चालू आहे. ते वाचवायचं तर मला तिथे राहायला हवं. तूच सांग, काय करू?"

वसुअक्काने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, अण्णा? की कायद्यात ते शब्द नसणार?"

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ केलं.

"राजपत्र छापताना?"

"वसू, जाऊ दे."

"सांगा मला."

"पत्र लिहिलं त्याच दिवशी," ते म्हणाले. "कायदा खात्याने आधीच नकार कळवला होता. कोणाच्या संमतीवर सरकारला बांधता येत नाही म्हणाले. पण ते लिहिलं नसतं तर त्यांनी नकाशा दिला नसता. आणि नकाशाशिवाय काहीच झालं नसतं. मला वाटलं, एकदा पाणी राखीव झालं की मी आहे, मी सांभाळून घेईन."

मी कॉफी घेऊन बाहेर आले. वसुअक्का खुर्चीवर ताठ बसली होती आणि तिचे हात मांडीवर असे पडले होते की जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. शेषगिरीरावांचे डोळे भरले होते. ते खोटं रडत नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांनी कॉफी घेतली. "नीरजा मोठी झाली," असं काहीतरी माझ्याकडे बघून म्हणाले आणि गेले.

मेमो मंगळवारी आला. तिने उत्तर लिहिलं इंग्रजीत, कन्नडात आणि मराठीत. तिन्हींत एकच मजकूर. भाषांतर शब्दशः बरोबर आहे, मूळ कागद अमुक तारखेला अमुक अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीने लिहिला, आणि फाइलीतलं एक्केचाळिसावं पान नंतर घातलेलं आहे. वडिलांनी ते पाठवण्याआधी वाचलं. "सही करून माफी मागितलीस तर काय बिघडणार आहे?" ते ओरडले. "पोटापाण्याचं आहे. घरातला माणूस आहे तो!"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि पत्र टाकायला स्वतः पोस्टात गेली.

चौकशी झाली. तीन साहेब एका खोलीत बसले आणि तिला विचारलं, पेन्सिलीचा कागद तुम्ही कोणाला दाखवला होता? कोणाला नाही. प्रत ठेवली होती? नाही. शिपाई म्हणाला, मला इंग्रजी येत नाही. गंजाच्या डागांबद्दल तिने सांगितलं तेव्हा एक साहेब हसले. भाषांतरकाराने अधिकाराबाहेर आश्वासन दिलं, असा निष्कर्ष निघाला. तिची जागा मुळातच तात्पुरती होती. चौसष्टच्या फेब्रुवारीत ती रद्द झाली. वेळकोणच्या पंचांनी सरकारकडे अर्ज केला होता, त्याला उत्तर गेलं की ज्या पत्रावर आपण विसंबता ते अनधिकृत आहे.

मार्चमध्ये ती म्हणाली, "मला वेळकोणला जायचंय." वडील तिला एकटीला जाऊ देईनात, म्हणून मला बरोबर धाडलं.

शेवटचा घाट उतरून बस वळली आणि समोर समुद्र आला. माझ्या तोंडून आवाज निघाला. वसुअक्काने एकदा पाहिलं आणि मग ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिली.

विठोजीच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली. जाळी वाळत घातली होती, त्यांच्या सावलीत आम्हाला बसवलं. तिने उभं राहूनच सगळं सांगितलं. पेन्सिलीचा कागद, एक्केचाळिसावं पान, नोकरी. शेषगिरीराव रविवारी घरी येऊन काय म्हणाले तेही. एक शब्द गाळला नाही. दूर पाण्यात तीन नावा नांगरलेल्या दिसत होत्या.

भागुबाईने विचारलं, "बाय, तुमी दर्या कधी बघितलात?"

"आज."

"आज?"

"हो. पहिल्यांदाच."

भागुबाई बाकीच्या बायकांकडे बघत राहिली. "मग आमच्या दगडांची नावं, खोली, ते सगळं कसं लिहिलात?"

"तुम्ही सांगितलं तसं."

एक म्हातारा कोपऱ्यातून काहीतरी पुटपुटला आणि दोघं-तिघं हसले. ते हसू चांगलं नव्हतं. विठोजीने हात वर केला.

"साहेबाची सही आमी बघितलीच नव्हती, बाय," तो शांतपणे म्हणाला. "इंग्लिशीत होती. आमी तुमचं अक्षर बघितलं. दहा महिने तुमचंच अक्षर येत होतं. पोरांची खुशाली विचारायचात, पावसाचं विचारायचात. सभेत मी म्हटलं, ही बाय खोटं लिहायची नाय. मग अंगठे पडले."

त्या क्षणी तिला टाइपरायटर आठवला, असं तिने मला परतीच्या गाडीत सांगितलं. हातचं पत्र आपलं वाटतं. तो सरळ विचार करून केलेला बेत होता की शेषगिरीरावांना तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, याचा निकाल तिला कधीच लावता आला नाही. दोन्ही वाईटच, असं ती म्हणे.

"त्या पत्रांचा तुम्हाला आता उपयोग नाही," ती विठोजीला म्हणाली. "हवी तर मी घेऊन जाते. कोर्टात काही करता आलं तर..."

"नको. ती इथंच ऱ्हातली," विठोजी म्हणाला. "उद्या आणखी कोण गोड अक्षर घेऊन आला तर पोरांना दाखवायला."

आम्हाला जेवायला घातलं. भात आणि कुळथाचं पिठलं. आम्ही मासे खात नाही हे तिच्या कुठल्याशा पत्रात आलं होतं आणि ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. निघताना भागुबाईने माझ्या हातात काजूगरांची पुडी दिली. वसुअक्काला कोणी काही दिलं नाही. बस येईपर्यंत विठोजी थोडा लांब उभा होता. त्याचाच एक पुतण्या त्या यंत्राच्या नावांवर कामाला लागला होता, तेवढं त्याने मला सांगितलं, आणि वर म्हणाला, "त्याला काय बोलू? पाणी कुठलं ते दाखवलं तर आमीच."

बेंगळूरला आल्यावर तिला बळेपेटेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालं. शाळेची कन्नड पुस्तकं, लग्नपत्रिका, पंचांगं. मोडी वाचून घ्यायला कोणी आलं तर ती सरळ नाही म्हणायची. शेषगिरीराव मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला घरी आले तेव्हा ती बाहेर आली, त्यांना नमस्कार केला, पाणी दिलं आणि आत गेली. लग्नाला वडील गेले. त्या माणसाशी ती पुन्हा कधी भांडली नाही. बोललीही नाही.

सहासष्ट साली बिंदुमाधव नावाचा एक तरुण तिच्याकडे आला. माशांवर संशोधन करणारा, चांगल्या घरचा, नम्र. यंत्राच्या नावा तीन हंगाम तळ खरवडून दुसरीकडे निघून गेल्या होत्या आणि आता सरकारला कळेना की शेवटे का येत नाहीत. याला पाहणीला पाठवलं होतं. वेळकोणच्या लोकांनी त्याला खडकांची, चिखलाची नावं, खोल्या, महिने भरभरून सांगितले होते. पण त्याची यादी ऑफिसातल्या नकाशाशी जुळेना. नकाशावर तिचं नाव होतं, म्हणून तो तिला विचारायला आला होता.

तिने चष्मा लावून यादी वाचली. मी शेजारी बसले होते. ती नावं मला पाठ होती. या यादीतलं एकही त्या बत्तिसांतलं नव्हतं. जिथे बारा वाव होतं तिथे त्यांनी चार सांगितलं होतं. शेवट्यांचा महिना कार्तिकाऐवजी चैत्र लिहिला होता. हे चुकून झालेलं नव्हतं.

"यातलं बरोबर कुठलं, अम्मा?" त्याने विचारलं. "जुना नकाशा की ही यादी?"

वसुअक्काने यादी घडी घालून त्याला परत दिली. "तुमची यादी बरोबर आहे. जुन्या नकाशात माझ्या चुका झाल्या होत्या. तसं रेकॉर्डलाही आहे."

तो आभार मानून गेला. गेल्यावर ती मला म्हणाली, "भला मुलगा होता गं."

अडुसष्टच्या वार्षिक अहवालात वेळकोणचं राखीव पाणी गावकऱ्यांच्या सहकार्याने यशस्वीपणे चालू असल्याचं छापलं होतं. तो अहवाल तिच्याच छापखान्यात प्रुफं तपासायला आला. तिने त्यातली काना-मात्रेची एक चूक दुरुस्त केली, बाकी काही केलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वेळकोणला खरं काय झालं ते सांगणारं पत्र एका कन्नड दैनिकाला लिहिलं. ते आठ दिवसांनी छापून आलं, चार ओळी, आणि त्यात वेळकोणच्या जागी भलत्याच गावाचं नाव पडलं होतं. मी म्हटलं, दुरुस्ती पाठवूया. ती म्हणाली, नको, आणि अंगणातले वाळलेले कपडे काढायला गेली.

वेळकोणहून तिला पुन्हा कधी पत्र आलं नाही. तिनेही लिहिलं नाही.